बर्लची बंदूक, झेल्माचा नेम

चोपन्न वर्षांची होईपर्यंत झेल्मा सिझमोरने घरातल्या बंदुकीला हात लावला नव्हता. बंदूक स्वयंपाकघराच्या दारावर दोन खुंट्यांवर आडवी असायची आणि ती बर्लची होती. बर्ल म्हणजे तिचा नवरा. त्याच्या मामाने एकोणीसशे चोवीस साली ती नवी घेतली होती. पॉइंट टू-टूची, खालचा लिव्हर पुढे ढकलून मागे ओढला की पुढचं काडतूस आत येणारी. बर्लने तीस वर्षं त्या बंदुकीने खारी मारल्या आणि झेल्माने त्या शिजवल्या. रविवारी चर्चमधून आलं की बर्ल नळीच्या तोंडातून सळई घालून ती साफ करायचा. तेवढा वेळ घरात कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. मी शेजारी राहायचे, शाळेत शिकवायचे. मलाही हा नियम ठाऊक होता.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलमध्ये ओढ्याला पूर आला. वेस्ट व्हर्जिनियातलं आमचं ते खोरं चिंचोळं. पाण्याला पसरायला जागाच नव्हती. चार दिवसांनी आम्ही डोंगरावरच्या चर्चमधून खाली उतरलो तेव्हा सिझमोरांचं घर जागेवर होतं, पण आत गुडघाभर चिखल. बंदूक चुलीखाली सापडली. झेल्माने ती ओढून काढली आणि बाहेर ट्रकच्या पायरीवर बसलेल्या बर्लसमोर धरली.

बर्लने नुसतं पाहिलं. "संपली ती. टाकून दे त्या कचऱ्याच्या ढिगात."

"टाकू?"

"मग काय, खिमटी करून खाणार आहेस?"

कोळशाच्या खाणीतल्या धुळीने त्याची छाती आधीच निकामी झाली होती. झेल्माने बंदूक ढिगात टाकली नाही. पोत्यात गुंडाळून चर्चच्या तळघरात नेली. आम्ही सगळे तिथेच राहत होतो.

अशा बंदुकीच्या उजव्या बाजूला एक मोठा स्क्रू असतो. तो हाताने फिरवला की बंदुकीचे दोन तुकडे होतात. बर्लला हे करताना तिने कधी पाहिलं नव्हतं. स्क्रू गंजून बसला होता. तिने त्यावर रात्रभर तेल ठेवलं आणि सकाळी जाड फडक्यात धरून तो फिरवला. मग गरम पाण्याने चिखल धुतला, सगळे लोखंडी भाग रॉकेलच्या घमेल्यात बुडवले. खालची, काडतुसं भरून ठेवायची दुसरी नळी चिखलाने ठासून भरली होती. ती तिने झाडूच्या काडीने पोखरली. लाकडी दस्ता सावलीत तीन आठवडे वाळवला. शेगडीजवळ ठेव म्हणून मी सुचवलं तर म्हणाली, "तडकेल गं. लाकूड आहे ते, पाव नाही." एक बारीक स्प्रिंग उडून गेली, ती आम्ही दोघींनी गुडघ्यांवर रांगत शोधली. पियानोखाली मिळाली.

जूनमध्ये झेल्मा बंदूक घेऊन गावातल्या लोवेल ट्रेंटकडे गेली. तो बंदुका दुरुस्त करायचा. मी गाडी चालवत होते. त्याने सगळे भाग वर-खाली करून पाहिले.

"कुणी साफ केली ही?"

"मीच."

"बरी केलीत, बाई. हिला जोरकस काडतुसं घालू नका, काडतूस मागून दाबून धरणारा बोल्ट जुन्या बनावटीचा आहे, तडा जाईल. साधीच घाला. आणि रिकामी असताना चाप ओढू नका, काडतुसावर आदळणारी टोचणी नळीच्या कडेवर आपटते." मग त्याने नळीच्या तोंडाला भिंग लावलं आणि चेहरा आंबट केला. "पण इथून सळई कोण घालत होतं? तोंड एका अंगाला झिजलंय. ही गोळी डावीकडे टाकत असणार. हिचे दोन तुकडे होतात ते कशासाठी? मागून साफ करायला!"

लोवेलने तोंड घासून नीट करून दिलं.

परतताना मी विचारलं, "बर्लला सांगणार?"

"न सांगून काय करू? त्याला कळेलच."

तिने सांगितलं, जेवताना, घेवडा वाढता वाढता. बर्लने चमचा खाली ठेवला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामाच तसं करायचे." एवढंच.

ऑक्टोबरमध्ये खारींचा हंगाम लागला. बर्लला आता चढ झेपत नव्हता. झेल्मा त्याला दर वीस पावलांनी थांबवत वर घेऊन गेली. हिकरीच्या झाडांखाली एका ओंडक्यावर तो बसला. पहिली खार चाळीस पावलांवर होती. बर्लने गोळी झाडली. चुकली. दुसरी चुकली. तिसरी तर त्याच्याकडे बघत बसली होती, तीही चुकली.

"त्या शहाण्याने बिघडवली!" बर्ल ओरडला आणि त्याला खोकला आला.

झेल्माने खोकला ओसरू दिला. मग विचारलं, "नेम कुठे धरलास?"

"जरा उजवीकडे. नेहमी धरतो तसा."

तीस वर्षं तो नळीचा दोष हाताने भरून काढत आला होता. आता दोष राहिला नव्हता, हात मात्र तसाच होता.

"सरळ धर ना," ती म्हणाली.

त्याने सरळ धरून पाहिलं. खांदा आपोआप उजवीकडे वळला. चुकली. मग त्याने बंदूक तिच्याकडे दिली. "तू बघ. तुला काही सवय नाही."

तिने खारीच्या डोक्यावर सरळ नेम धरला आणि चाप ओढला. खार फांदीवरून खाली पडली. बर्ल म्हणाला, "पटकन लिव्हर मार. जोडीला दुसरी असते."

त्या दिवशी तिने चार मारल्या. सोलल्या बर्लने आणि पिठाची ग्रेव्हीही त्यानेच केली. ती करपली. झेल्माने मक्याच्या पावाबरोबर ती सगळी खाल्ली.

पुढचे चार हंगाम दोघं अशीच जात राहिली. तो ओंडक्यावर बसून बोटाने खार दाखवायचा, ती मारायची. एकदा मी त्याला विचारलं, वाईट वाटतं का. "सुरुवातीला वाटलं," तो म्हणाला. "पण बसून तिला बघायला बरं वाटतं. बाईचा श्वास बघ, हलत नाही."

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत बर्ल गेला. त्या ऑक्टोबरमध्ये झेल्मा एकटीच वर गेली. उतरली तेव्हा पिशवीत दोन खारी होत्या. एक तिने माझ्या दारात ठेवली आणि बंदूक साफ करायची आहे म्हणून बसली नाही.