पेव, भोंगा आणि कंदील

एकाहत्तरच्या लढाईत मी पाच वर्षांची होते आणि उदगीरवर एखादा तरी बॉम्ब पडावा, असं मला मनापासून वाटत होतं. पाप म्हणा हवं तर! पण लपायची जागाच तशी झकास होती. अंगणातलं ज्वारीचं पेव नुकतंच रिकामं झालं होतं. जमिनीखाली दोन पुरुष खोल आणि तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. विमानं आली तर सगळ्यांनी त्यातच उतरायचं, असं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलं होतं. मी तर शेंगदाणे आणि बाहुली फडक्यात बांधूनच ठेवली होती.

एका संध्याकाळी कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा वाजला, म्हणजे विमानं येत असल्याचा इशारा. गल्लीतले दिवे पटापट गेले. मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता! आईआप्पांनी पेवावरची फरशी सरकवली, तशी मी काठावर बसून पाय आत सोडले. आप्पांनी वेणी धरून मला मागं ओढलं.

"थांब की गं! आधी कंदील."

पेव उघडलं की जळता कंदील दोरीनं आत सोडायचा, ही आमच्याकडची रीत. आत दिवा विझला तर उतरायचं नाही; कोंडलेल्या हवेत उतरलेला माणूस परत वर येत नाही. आप्पांनी कंदील पेटवला आणि शेजारचे मास्तर धावत आत आले. ते शहरातून बदलून आलेले, गल्लीतले दिवे बंद करायचं काम त्यांच्याकडं होतं.

"आप्पा, विझवा तो दिवा! विमानाला दिसेल!"

"इमानाचं मागून बघू. हितं लेकरू उतरायलंय."

कंदील पुरुषभर खाली गेला. ज्योत बारीक झाली आणि कुणी फुंकर न मारताच विझली. आईनं मला कवटाळलं. मी मात्र लपायचं राहिलं म्हणून भोकाड पसरलं.

मास्तर पेवाच्या तोंडाकडं बघतच राहिले. त्यांच्या भाड्याच्या घरातही जुनं, बंद पेव होतं. भोंगा झाला की अंधारातच आत उतरा, असं त्यांनीच बायकोपोरांना बजावलं होतं.

ते धावत सुटले. काळोख्या गल्लीतून आवाज येत राहिला, "उतरू नका! अगं, दिवा लाव! दिवा लाव आधी!"

त्यांच्या बायकोला एकटीला फरशी सरकवता आली नव्हती, म्हणून पोरं वाचली.