वाल्मिकचं आंतरराष्ट्रीय मैदान

वाल्मिक आणि अनंता चुलतभाऊ. किन्हवलीच्या शिवारात त्यांची भातखाचरंही शेजारीशेजारी, आणि मधल्या बांधावरून बोलणं बंद. बांध घालताना तो हळूच शेजाऱ्याच्या अंगावर सरकवायचा, ही जुनी विद्या. दोघेही तीत पारंगत. पण वाल्मिकला हा अबोला मनातून सलायचा. लहानपणी एका ताटात जेवलेला भाऊ समोरून जाताना मान फिरवतो, हे काय जिणं झालं?

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तो टेम्पो घेऊन गोव्याला गेला आणि मडगावात गाडीने मान टाकली. दुरुस्ती होईस्तोवर करायचं काय, म्हणून तो स्टेडियमात शिरला. तिथे दक्षिण आशियातल्या शेजारी देशांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल चालली होती, भारत विरुद्ध बांगलादेश. वाल्मिकला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नव्हतं. भारत जिंकला, हेही बाजूच्याने सांगितलं. पण खेळ संपल्यावर दोन्हीकडच्यांनी हात मिळवले, ते मात्र त्याला बरोबर कळलं.

"देश खेळतात गो, आमी भाऊ असून नाय," घरी येऊन तो बायकोला म्हणाला.

"खेळा की," येसूबाई म्हणाली. "आधी गोठा झाडा."

भात कापून झाल्यावर पाड्यापाड्यांची स्पर्धा ठरली. प्रत्येक पाड्याने एक देश घ्यायचा. पाकिस्तान व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा तीन भारत आणि एक नेपाळ असा तोडगा निघाला. मैदान मात्र एका खाचरात मावेना. वाल्मिक मन घट्ट करून अनंताच्या ओट्यावर गेला, आणि अनंताही जणू वाटच बघत होता. दोघांनी मिळून बांध फोडला; पोरांच्या पायाला लागेल म्हणून हद्दीचा दगडही उपटला. फायनलमध्ये भारताने भारताला हरवलं आणि दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. वाल्मिकला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पुढे मृग जवळ आला. बांध घालायला हवा.

"तू घाल, मी काय बोलणार नाय."

"छे, तूच घाल."

सरकारी मोजणी मागवावी, तर भावावर भरोसा नाही असं व्हायचं. शेवटी दोघांनी आपापला बांध घातला आणि भावाला वाईट वाटायला नको म्हणून प्रत्येकजण दोन-दोन पावलं आपल्याच हद्दीत मागे सरला. मधोमध कुणाचीच नसलेली पट्टी उरली.

"मला दान करतंस?" अनंता भडकला. "मी काय भिकारी हाय?"

"मंग तू कोण रे, मोठा दानशूर? घे तुझी जमीन!"

"तूच घे!"

हावरेपणाचं भांडण मिटवायला पंच तरी मिळतात. उदारपणाच्या भांडणात कोण पडणार? अबोला परत आला, तो पहिल्यापेक्षा कडक.

पुढल्या हिवाळ्यात पोरं त्या पट्टीत क्रिकेट खेळायला लागली. लांबट, अरुंद, अगदी मापात बसलेली. वाल्मिक आपल्या बांधावर बसून बघायचा, अनंता आपल्या. एका दुपारी चेंडू थेट अनंताच्या कपाळावर बसला. वाल्मिक ताडकन उठला. चार पावलांवर भाऊ डोकं धरून बसलेला. पाय उचलेना, तेव्हा त्याने बॅटवाल्या पोरालाच हाक मारली.

"अरे, त्याला विचार, लय लागलं का?"

पोराने अनंताकडे वळून पाहिलं.

"सांग त्याला," अनंता कपाळ चोळत म्हणाला, "नाय लागलं."