प्रार्थनेच्या बदल्यात भाकरी

माझ्या घरमालकिणीकडे सोमवारी संध्याकाळी जेवायचं म्हणजे आधी कोणीतरी मोठ्याने प्रार्थना करायची. टेबलाशी माणसं दोनच, ती आणि मी. त्यामुळे आज ना उद्या पाळी माझ्यावर येणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि भूक मेली.

ॲरिझोनातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी तिच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. ती मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची, सत्तरी ओलांडलेली. नवरा गेलेला, मुलगा लांब युटाला. त्यांच्यात सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवतात. बाहेर जायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, सगळ्यांनी एकत्र जेवायचं, गप्पा मारायच्या. तिच्या घरात 'सगळे' असं कोणी उरलंच नव्हतं, म्हणून तिने मला धरलं. नाही म्हणायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही, म्हणून मी गेले.

मी फार कमी बोलते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवते. ड्राइव्ह-थ्रूला स्पीकरशी बोलावं लागतं म्हणून ॲपवरून ऑर्डर करते. खरं सांगायचं तर त्या काळात मी काय खायचं ते चवीवर ठरत नव्हतं. जे एक शब्दही न बोलता मिळतं, ते मी खायचे. फ्रोझन पराठे, कपातले नूडल्स, पाकिटातलं राजमा-चावल.

पहिल्या सोमवारी मी खोक्यातली मॅकरोनी घेऊन गेले. तिचा रंग रस्त्यावरच्या ट्रॅफिक कोनसारखा भडक नारिंगी होता. घरमालकिणीच्या बाजूला दुकानातलं तळलेलं चिकन आणि कच्च्या लिंबासारख्या हिरव्या रंगाची जेली. शिवाय तिचा रोजचा कोला, नारळाचं सिरप आणि क्रीम घातलेला. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य आहे, पण हा बादलीएवढा ग्लास चालतो. मी चहा माझ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून प्यायचे. तिला वास यायचा. ती फक्त म्हणायची, "तुझ्या खोलीला छान सुगंध येतो गं," आणि मी लाजेने अर्धमेली व्हायचे.

तिने हातांची घडी घातली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आभार वगैरे झाले. मग त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, की या अन्नाने आमच्या शरीराला पोषण आणि बळ मिळो. ती 'पोषण'पर्यंत आली आणि थांबली. मी डोळे उघडेच ठेवले होते, त्यामुळे मला दिसलं. तिने एक डोळा उघडला, मॅकरोनीकडे बघितलं, मग स्वतःच्या जेलीकडे.

"नाही म्हणवत," ती म्हणाली. "तो ऐकतोय. त्याच्यापुढे एवढं खोटं कसं बोलू?"

मला हसू आलं, पण ती गंभीर होती. तिने सांगितलं की त्यांच्या शिकवणीत नुसतं काय वर्ज्य ते नाही. धान्य खा, ऋतूतल्या भाज्या-फळं खा, मांस बेताने, असंही आहे. "आम्ही वर्ज्य तेवढं पाठ केलं आणि बाकीचं विसरलो," ती म्हणाली. नवरा होता तोवर ती घरी गहू दळून ब्रेड करायची. तो गेल्यावर एकटीसाठी कोण दळत बसणार?

मग तिने ते वाक्य म्हटलं ज्याची मला भीती होती. "पुढच्या सोमवारी प्रार्थना तुझी."

आम्ही बौद्ध. आमच्या घरी वंदना असते, पण ती सगळे मिळून म्हणतात. शब्द ठरलेले असतात, आणि आईचा आवाज इतका खणखणीत की मी नुसते ओठ हलवले तरी खपून जातं. जेवणाआधी आमच्याकडे फक्त 'हात धुतले का' एवढंच विचारतात. इथे मात्र एकटीने, मनचे शब्द घेऊन, समोरच्याच्या देखत बोलायचं. आणि कोणाशी बोलायचं, हाही आमच्याकडचा एक प्रश्नच.

घाबरून माझ्या तोंडून निघालं, "प्रार्थना तुम्हीच करा. मी स्वयंपाक करीन. खरा. म्हणजे तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी."

मला स्वयंपाक येत नव्हता. शाळाभर आईने मला 'तू अभ्यास कर, भाकऱ्या मी बघते' म्हणत ओट्यापासून लांब ठेवलं होतं. लातूरला व्हिडिओ कॉल लावला. मला भाकरी शिकायची आहे हे ऐकून ती आधी पोटभर हसली.

"लग्नबिग्न ठरवलंस की काय परस्पर?"

"आई, घरमालकिणीसाठी."

"तिच्यायला! आईसाठी कधी केली नाहीस."

पहिली भाकरी थापताना फाटली. दुसरीचे कडेने तुकडे पडले. आई कॅमेऱ्यात डोळा घालून बघत होती. "पाणी गरम घेतलंस ना? मग तुझ्या हाताचा दोष नाही. पिठाची विरी गेलीय. किती जुनं आहे ते?"

पाकीट इंडियन स्टोअरचं होतं, आणि त्यावरची तारीख मी आईला वाचून दाखवली नाही. घरमालकीण दारात उभी राहून ऐकत होती. आई काय म्हणते, तिने विचारलं. पीठ शिळं झालं की एकमेकांना धरून राहत नाही, असं मी सांगितलं.

"हे मला माहीत आहे," ती एकदम म्हणाली. "ब्रेडचंही तसंच असतं."

तिने मला कोठीची खोली दाखवली. अडीअडचणीसाठी धान्य साठवून ठेवायची त्यांच्यात रीत आहे. भिंतीला लागून झाकणबंद बादल्या होत्या, गव्हाच्या, ओट्सच्या, राजम्याच्या. ज्वारी नव्हती. ती आम्ही सुपरमार्केटात शोधली. आख्खी ज्वारी, एका कोपऱ्यात, क्विनोआच्या शेजारी बिचारी अनोळखी होऊन बसलेली. तिची विजेवर चालणारी चक्की सुरू केली तेव्हा विमान उडाल्यासारखा आवाज झाला. पीठ हाताला कोमट लागत होतं. त्याची भाकरी फाटली नाही. विस्तवावर टाकली तर टम्म फुगली, आणि घरमालकिणीने टाळ्या वाजवल्या.

त्या सोमवारी तिने 'पोषण आणि बळ' न अडखळता म्हटलं, आणि वर जोडलं, "या पिवळ्या पदार्थालाही आशीर्वाद दे, ज्याचं नाव मला उच्चारता येत नाही." ते पिठलं होतं. पुढे कधी मेथी, कधी मुगाची उसळ. तिने परत गव्हाचा ब्रेड करायला घेतला. कोल्याचा ग्लास मात्र राहिला. त्यावर ती प्रार्थना करत नसे.

असं छान चाललं होतं. मग एका सोमवारी युटाहून तिचा मुलगा, सून आणि नातवंडं आली. तिने त्यांना फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की इथे कसली भाकरी मिळते ते बघाच. एवढ्या अनोळखी माणसांसमोर मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, ते मला सोयीचंच होतं. पिठलं केलं, ठेचा बेताचा तिखट केला. भाकऱ्या फुगल्या तशा ताटात वाढल्या, वर लोणी ठेवलं, आणि मीही येऊन बसले.

प्रार्थना मुलाने सुरू केली. आवाज गंभीर, सवयीचा. प्रवास सुखाचा झाला म्हणून आभार, गाडीच्या टायरांसाठी आभार. दूर देशी गेलेल्या मिशनऱ्यांचं रक्षण. आईचे गुडघे. ॲरिझोनाला पाऊस.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे. लोणी वितळून ताटाच्या कडेला आलं होतं. भाकऱ्यांची वाफ आधी बारीक झाली, मग थांबली. पिठल्यावर साय धरायला लागली. ज्वारीची भाकरी थंड झाली की चामड्यासारखी होते, हे त्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं. तो आता देशोदेशीच्या नेत्यांना सद्बुद्धी मागत होता. देश पुष्कळ आहेत.

"आमेन," मी म्हटलं.

चांगलं खणखणीत म्हटलं. माझा आवाज आईसारखा आहे हे मला तेव्हा कळलं.

सर्वांत धाकट्या नातीने लगेच "आमेन!" केलं. मग सुनेने, मग बाकीच्यांनी. एकदा आमेन आलं की त्यांची तोंडं आपोआप चालतात. मुलगा वाक्याच्या मध्येच एकटा राहिला.

"मी अजून जेवणावर आलोच नव्हतो," तो म्हणाला.

"जेवणाचं तिने बघितलंय," घरमालकीण भाकरी मोडत म्हणाली. "खा."

सून मान खाली घालून हसत होती. माझे कान तापले होते. नातीने लोण्यात बोट बुडवून चाटलं. मुलाने पिठल्याचा घास घेतला, थोडा वेळ चावला आणि म्हणाला, "बरं झालं थांबवलंत."

घरमालकीण माझ्याकडेच बघत होती. "म्हणजे तुला बोलता येतं तर."

मी ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

"आपला करार तू न बोलण्यावर होता," ती म्हणाली. "तो आज तूच मोडलास. पुढच्या सोमवारी तुझी पाळी."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि नवल म्हणजे मला उठून जावंसं वाटलं नाही.

"करीन," मी म्हटलं. "पण भाकरी तव्यावर असताना सुरू करीन, आणि ती उतरायच्या आत संपवीन."

"ऐकलंस?" ती मुलाला म्हणाली. "शिक काहीतरी."