उजेडाला अक्कांचा विरोध

अक्कांचा विरोध आधी यायचा, विषय मागून. कॉलनीच्या मीटिंगला त्या सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसायच्या, पदर खोचायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत सांगायच्या, "माझा इरोध हाय, लिहून घे. आता बोल काय ते." सांगलीहून कुपवाडकडे जाताना रस्त्याच्या आत आमची कॉलनी, आणि तिचा सेक्रेटरी मी. माझ्या निवडीलाही अक्कांनी विरोध केलाच होता. तरी मी निवडून आलो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. शिवाय घरात माझं कुणी ऐकत नसल्यामुळे बाहेर कुठेतरी सही करायला मिळतेय, याचं मला अप्रूप होतं.

अक्का मूळच्या कोरेगावकडच्या. त्यांचे यजमान पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. हुकूम सोडायचं काम मात्र ते पलटणीतच संपवून आले होते. अक्कांनी गतिरोधकाला विरोध केला, बागेतल्या बाकांना केला, गणपतीच्या मांडवाच्या रंगालाही केला. आणि मीटिंग सुटली की माझ्याच हातात गरम धपाट्यांचा डबा ठेवला. "भांडान मीटिंगीत ठिवायचं रं. घरी न्हेलं की भाकरी करपती." मी डबा घ्यायचो. सेक्रेटरीने लाच घेऊ नये, हे मला मान्य आहे. पण धपाट्यांसोबत ठेचा असायचा.

मग बागेत स्केटिंग रिंक करायचं ठरलं. बागेच्या मागच्या कोपऱ्यात सिमेंटचा गुळगुळीत चौक आणि चार खांबांवर मोठे दिवे. गरज होतीच. पोरं रस्त्यावर स्केटिंग करायची आणि नेमक्या त्याच वेळी कारखान्यांची पाळी सुटून दुचाक्यांचा लोंढा यायचा. आमची धाकटी तर एकदा दूधवाल्याच्या गाडीवर जाऊन आदळली आणि दुधाने आंघोळ करून घरी आली.

"रिंक करा," अक्का म्हणाल्या. मी आधीच लिहून ठेवलेला 'विरोध' खोडायला घेतला. "दिवं नकोत."

"मग पोरांनी अंधारात दात पाडून घ्यायचे काय?" समोरच्या बंगल्यातले पाटील म्हणाले.

"पाटील, तुमची कवळी हाय. तुमी कशाला काळजी करताय?"

हशा झाला. मी अधिकारवाणीने म्हटलं, "अक्का, कारण सांगावं लागेल."

अक्कांनी मागे वळून सगळ्या पुरुषांवरून एकदा नजर फिरवली. "कारान हाय. सांगायचं न्हाई."

मी निर्णय पुढच्या मीटिंगवर ढकलला. ती कला मला उत्तम येते. घरी येऊन बायकोला अक्कांची नक्कल करून दाखवली, तर ती हसेना. भाजी चिरता चिरता म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. पंचमीला आम्ही तिथेच खेळतो."

"काय खेळता?"

"फेर. झिम्मा, फुगडी. अंधार असतो म्हणून सगळ्या येतात. परवा लग्न होऊन आलेल्या सुनासुद्धा. तुमचे ते दिवे लागले की गच्चीवरून सगळी कॉलनी बघणार, मोबाइल काढणार. मग कोण येतंय?"

दरवर्षी नागपंचमीला ही 'वारुळाला जाऊन येते' म्हणून जायची आणि घामाघूम होऊन परतायची. इतकी वर्षं मी समजत होतो, वारूळ लांब असेल.

"तू फुगडी घालतेस?"

"का? मला पाय नाहीत?" मग सुरी रोखून म्हणाली, "आणि मीटिंगमध्ये यातला एक शब्द काढलात तर बघा."

म्हणजे अक्कांची बाजू मांडायची, पण बाजू कसली ते सांगायचं नाही. पुढच्या मीटिंगला दिव्यांचं काम घेतलेला इंजिनिअर आला होता. हे दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"आपोआप नकोत," मी म्हटलं. "बटणं पेटीत बसवा, पेटीला कुलूप घाला आणि किल्ली अक्कांकडे द्या."

"का पण?"

"सुरक्षितता," मी म्हटलं. "म्हणजे... दमट हवामान..."

"अगदी बरोबर!" पाटील ओरडले. "दमट हवामान!" मागून चार-पाच पुरुषांनी जोरजोरात माना हलवल्या. एकही जण दुसऱ्याकडे बघत नव्हता. तेव्हा मला कळलं, त्या आठवड्यात प्रत्येक स्वयंपाकघरात एकेक मीटिंग झाली होती.

अक्का म्हणाल्या, "इरोध हायच. किल्ली तेवढी आना हिकडं."

पुढे रोज दिवेलागणीला अक्का स्वतः येऊन दिवे लावायच्या आणि बाकावर बसून पोरांना दम द्यायच्या. त्याच बाकावर, ज्याला त्यांचा विरोध होता. पंचमीला मात्र त्या दिवे लावायच्या नाहीत. आम्ही पुरुष टीव्हीचा आवाज वाढवून घरात बसायचो. गुळगुळीत सिमेंटवर फुगडी कशी होते, असं मी एकदा आडून विचारलं. "लय झ्याक," अक्का म्हणाल्या आणि मग कोण विचारतंय हे लक्षात येऊन, "कसली फुगडी रं?"

गेल्या थंडीत अक्का गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. पंचमी आली. किल्ली आता सुभेदारांकडे होती. त्यांनी दिवे लावले नाहीत. आपलं फाटक लोटून ते घरात गेले. बायको चपला घालून बाहेर पडली. मी टीव्ही लावला आणि लगेच बंद केला. शेजारचाही बंद झाला, समोर पाटलांचाही. बागेतून बांगड्यांचा आवाज येत होता, कुजबुज येत होती. गाणं येत नव्हतं. पहिली ओळ नेहमी अक्का उचलायच्या. आता ती कुणी उचलायची, यावर सगळं अडलं होतं. थोड्या वेळाने तर कुजबुजही थांबली. आता परत येतील सगळ्या, असं वाटून मी दाराशी गेलो.

मग एक आवाज लागला. चिरका, सुराला थोडा सोडून, पण मोठा. ओळखायला मला दोन ओळी लागल्या, कारण माझ्या बायकोला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला बाकीच्या सगळ्या आल्या आणि त्यांच्या पायांचा ठेका थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला.

ती परत आली तेव्हा केस सुटलेले, तोंड लाल. "लांब होतं वारूळ," ती म्हणाली.

"असणारच," मी म्हटलं आणि आमटी गरम करायला उठलो.