मुंबईहून तीन तासांत

मुखरू डाकेचा हरकारा होता. बावीस वर्षं तो गोंडपिपरीहून टपालाची थैली पाठीवर आणि घुंगरांचा भाला हातात घेऊन जंगलातून धावत होता, आणि एवढ्या वर्षांत थैलीवरच्या लाखेला त्याने नखसुद्धा लावलं नव्हतं. माणूस सरळ, इतका सरळ, की त्याचा राग यावा.

पंचावन्न सालच्या थंडीत त्याच्या गावात घटसर्प शिरला. आठवड्यात दोन पोरं गेली. मग मुखरूची सात वर्षांची सुकरी घसा धरून निजली. कंपाउंडर अयूबमियांनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि लगेच माणूस धाडून गोंडपिपरीहून मुंबईला औषधासाठी तार केली.

तिसऱ्या दिवशी गोंडपिपरीच्या पोस्टमास्तरांनी मोहर लावलेली थैली मुखरूच्या पाठीवर चढवली. "तुझ्या पोरीचं औषध आहे आत. मुंबई ते नागपूर साडेचारशे मैल, विमानानं तीन तासांत आलं! जमाना बघ, मुखरू."

मुखरू हरखला आणि सुटला. अडचण एवढीच होती, की थैली फोडायचं टपालघर त्याच्या गावात नव्हतं. गाव ओलांडून पाच मैल पुढे होतं.

गावात त्याच्या दारासमोर अयूबमिया रस्त्यावरच उभे होते. घरातून सुकरीचा श्वास ऐकू येत होता, करवत चालावी तसा.

"मुखरूभाऊ, थैली खोला. टाइम नाई."

"सील सरकारचं हाय. मले खोलता येत नाई."

"अरे, पोरगी तुमची हाय!"

"असा जातो न असा येतो."

त्याची बायको रंभा दारात आली. तिच्याकडे पाहिलं असतं तर पाय थांबले असते, म्हणून त्याने पाहिलं नाही. जायचे पाच मैल, यायचे पाच. मुंबईच्या विमानाला लागले होते तेवढेच तास.

वाट रोजचीच, पण आज रानात एक पाखरू बोलत नव्हतं. देवाला नवस बोलावा म्हटलं, तर तोंडाला कोरड.

टपालघर म्हणजे गुणवंतराव मास्तरांची ओसरी. त्यांनी लाखेवर दगड हाणला. तुकडे अंगणात उडाले, एका कोंबडीने ते टोचून पाहिले. थैलीतून निघालेल्या औषधाच्या डबीवरचा पत्ता वाचून मास्तरांचा चेहरा उतरला.

"दारावरूनच आलास ना बाबा? खोलाची होती. सील काऊन तोडलं ते मी लिहून देल्लं असतं."

मुखरूला स्वतःचा असा संताप कधीच आला नव्हता. घुंगरांचा भाला त्याने तिथेच फेकला आणि डबी छातीशी धरून तो माघारी धावला. पडला, उठला, पुन्हा धावला.

घरासमोर माणसं जमली होती. त्यांनी त्याला वाट करून दिली. अयूबमिया चुलीपाशी बसले होते. सुई उकळायचं पाणी तसंच होतं, खालचा विस्तव विझला होता. रंभा पुढे आली. तिने नवऱ्याच्या हातातली डबी घेऊन नीट पाहिली.

"आता काऊन धावून राह्यले?" ती म्हणाली.