आत तरी घ्या हो

नवा शब्द आमच्या राणीसावरगावात यायचा तो कासारीणमावशीच्या तोंडून. ती गंगाखेडहून जीपने बांगड्यांचं गाठोडं घेऊन यायची. हात दाबून बांगडी चढवताना बाईला कळ लागू नये म्हणून तिची जीभ सारखी चालू असायची, आणि दर खेपेला त्या जिभेवर काहीतरी ताजं असायचं.

एकदा तिने एसटी स्टँडवरून 'डबल बेल' आणलं. कंडक्टरने दोनदा घंटी दिली की गाडी सुटते, तसं हात भरून झाला की मावशी म्हणायची, "झालं, डबल बेल!" दुपारी ती आमच्या ओसरीवर म्हणाली, संध्याकाळी नळावरच्या बायका म्हणायला लागल्या, आणि पुढच्या आठवड्यात आमचे हेडमास्तर प्रार्थना संपल्यावर तेच म्हणाले. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसली. "शब्दाला काय जीप लागती का माय? एकानं हासून म्हणलं की दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसतंय."

पण ती वाटेल ते उचलत नसे. एका तोतऱ्या दुकानदाराची नक्कल करून दाखव म्हणून बायका तिच्या मागे लागल्या होत्या. मावशीने हातातली बांगडी खाली ठेवली. "ज्याच्यावरून शब्द निघाला, त्यो बी हासला पायजे. न्हाईतर ती शिवीच हाय."

पुढे घराघरांत मोबाइल आले आणि शब्द मावशीच्या आधी गावात पोचू लागले. "मावशी, हे जुनं झालं," असं पोरी म्हणायच्या. तिला त्याचंही वाईट वाटत नसे. "तुमीच शिकवा मग," म्हणायची.

तिची एकुलती एक मुलगी सुमन पाथरीकडच्या एका गावात दिली होती. मूल होईना म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. मावशी तिला परत घेऊन गेली, तर त्यांनी दार लावून घेतलं. भर उन्हात, सगळ्या गल्लीसमोर मावशीने उंबऱ्यावर पदर पसरला आणि ओरडली, "मी ऱ्हाते भाईर, पोरीला आत तरी घ्या हो!" दार उघडलं नाही. शेजारच्या कुणीतरी ते मोबाइलमध्ये घेतलं होतं. कुणीतरी त्या व्हिडिओला ढोलकीचा ठेका जोडून तो पुढे पाठवला.

पंधरा दिवसांत ते जिल्हाभर झालं. उशिरा आलेली पोरं शाळेच्या फाटकावर ओरडायची, "आत तरी घ्या हो!" रेशनच्या रांगेत तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. मावशी एकदा गंगाखेडला जीपमध्ये बसली होती. मागून धावत आलेला एक माणूस दाराला लटकून तिच्याकडेच बघत हसत म्हणाला, "मावशी, आत तरी घ्या हो!" त्याने तिला ओळखलंही नव्हतं. गाडीतले सगळे हसले. मावशी गाठोडं घेऊन खाली उतरली आणि घरी परतली.

ती आमच्याकडे शेवटची आली तेव्हा आईचे हात भरून होईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. उठताना फक्त म्हणाली, "सुमन घराभाईर निघंना. खिडकीखालून पोरं म्हणत जायलेत. तिला वाटतंय, सगळं तिलाच म्हणायलेत." मग आईचा हात धरून तिने विचारलं, "जिथं आपली बोली कळत न्हाई, असं एखादं गाव हाय का हो?"

महिन्याभरात मायलेकी तेलंगणात, दूरच्या एका नातेवाइकाकडे निघून गेल्या.

आता इथे ते वाक्य कुणी म्हणत नाही. नवं आलं, तेही गेलं. हेच सांगायला मी मावशीला फोन लावला. म्हटलं, "लोक विसरले मावशी, परत या."

"लोकं इसरले माय. माझी पोर कुठं इसरली?"

"तिकडे धंदा चालतो का?"

"हात धरते, भरते, उठते. बायांची बोली मला येत न्हाई. कुणाला दुखलं तर नुसती तोंडाकडं बघते."

मागून सुमनचा आवाज आला, "कुणाचा फोन हाय गं?"

"कुणाचा न्हाई," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.