पाणी उकळून व गाळून प्यावे

"सर, दोन महिन्यांची मुलगी आहे. ओठ आणि नखं निळी पडलीत. डॉक्टर विचारतायत, त्यांच्या विहिरीचा रिपोर्ट आहे का?"

फोनवर आशाताई होत्या. गावात घरोघर जाऊन बाळंतिणींची आणि बाळांची चौकशी करणं हे त्यांचं काम. मी पाणी तपासणीच्या सरकारी लॅबमध्ये केमिस्ट आहे. रजिस्टर उघडलं. पुणतांब्याच्या पुढे, उसाच्या पट्ट्यातली एक वस्ती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सॅम्पल पंधरा दिवसांपूर्वी आलं होतं. रिपोर्ट मी केला होता, सही माझी होती.

नाइट्रेटचं रीडिंग मर्यादेच्या तिपटीच्या आसपास होतं. मी त्याखाली लाल पेनाने रेघही मारली होती.

"बाळाला वरचं दूध चालू आहे का?"

"हो. आईला दूध कमी आलं, म्हणून पावडरचं देतात."

"पावडर कुठल्या पाण्यात कालवतात?"

"विहिरीच्याच. पण सर, चांगलं उकळून घेतात. तुमच्या कागदावर तसंच लिहिलंय ना!"

ऑफिस कॉपीवर बघितलं. सहीच्या वर शिक्का होता : 'पाणी उकळून व गाळून प्यावे.'

हा शिक्का आम्ही प्रत्येक खराब रिपोर्टवर मारतो. पावसाळ्यात येणारी बहुतेक सॅम्पल्स जंतूंमुळे खराब निघतात, आणि जंतू उकळल्यावर मरतात. म्हणून शिक्का बरोबरच असतो. पण नाइट्रेट म्हणजे जंतू नव्हे. ते मिठासारखं पाण्यात विरघळलेलं असतं. पाणी उकळलं की वाफ जाते आणि नाइट्रेट भांड्यातच राहतं. पाणी अर्धं आटलं, तर उरलेल्या पाण्यात ते दुप्पट होतं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र त्यामुळे प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. बाळ निळं पडतं.

हे सगळं मला पाठ होतं. अकोल्याच्या कॉलेजात आमच्या सरांनी ते शिकवलं होतं. डोंगरातल्या गावातून आलेला मुलगा म्हणून ते रविवारीसुद्धा माझ्यासाठी लॅब उघडायचे. त्यांच्यामुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पाठ असूनही त्या दिवशी रिपोर्टांच्या गठ्ठ्यावर शिक्के मारताना माझा हात थांबला नाही.

मी डॉक्टरांना फोन लावला. "नाइट्रेट खूप जास्त आहे. ते पाणी ताबडतोब बंद करा."

"मला तीच शंका होती," ते म्हणाले. "यावरचं इंजेक्शन आमच्याकडे नाही. नगरला पाठवतोय. गाडी निघतेच आहे."

मी आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं.

"रीडिंग बरोबर दिलंस ना?"

"हो."

"रेघ मारलीस?"

"मारली. पण शिक्का चुकीचा आहे, सर."

"शिक्का चुकीचा नाही. वरून आलेल्या फॉरमॅटमध्ये आहे तो. नाइट्रेटसाठी वेगळा शिक्का आपल्याला दिलाय का कोणी?"

"नाही."

"मग? बस जरा. पाणी पी."

मी बसलो. तासाभराने आशाताईंचा फोन आला. गाडी राहुरी ओलांडून पुढे गेली होती, तेवढ्यात मुलगी गेली.

तिसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. कागदोपत्री कारण होतं, पुन्हा सॅम्पल घेणं. साहेब म्हणाले होते, "लोक अंगावर येतील, जाऊ नकोस." कोणी अंगावर आलं नाही. मुलीच्या आजोबांनी, चाँदभाईंनी, ओट्यावर चटई टाकली. त्यांचा मुलगा दुसरीकडे कामाला होता, तो मातीला येऊन परत गेला होता.

चाँदभाई त्या भागातले नावाजलेले ऊसवाले. विहीर घरापासून वीस पावलांवर, तिच्या तिन्ही बाजूंनी ऊस. मी विहिरीपाशी गेलो आणि मोटारीचं पाणी जिथे पडत होतं तिथे थांबलो. तिथून शेतात पाणी नेणारा मातीचा दांड निघत होता. दांडाच्या तोंडाशी युरियाचं पोतं आडवं ठेवलं होतं. त्याला भोकं पाडली होती, आणि पाणी त्याच्यातून वाहत होतं.

"हे असंच ठेवता?"

"समदेच ठेवत्यात साहेब. मानूस लावून फेकायची कटकट न्हाई. पान्याबरुबर आपोआप समद्या सरीला जातंय. आठ दिसात उसाला अशी काळोखी येती, बघतच ऱ्हावं."

काळोखी म्हणजे पानांचा गडद हिरवा रंग. तो आला की शेतकऱ्याला वाटतं, पीक जोरात आहे. पण ऊस त्यातला थोडाच युरिया घेतो. बाकीचा जमिनीत नाइट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो. इथे तर दांड विहिरीच्या कडेनेच जात होता. भरपूर पाणी सोडायचं, ते मुरायचं, आणि तेच पुन्हा विहिरीत यायचं. वर्षानुवर्षं.

मी हे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. चाँदभाई ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आमीच इख घातलं म्हना की तिला."

"एकट्या तुमचं नाही, चाँदभाई. आजूबाजूच्या सगळ्यांचं पाणी एकच आहे."

"पर पोतं माझ्या इहिरीवर हाय."

मी सॅम्पलची बाटली मोटारीच्या पाण्याखाली धरली.

मुलीची आई, नाझमीन, दारात उभी होती. दहावी शिकलेली. घरात कागद वाचणारी तीच. माझा रिपोर्ट तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. तो घेऊनच ती बाहेर आली.

"सासूबाई म्हनायच्या, इतकं कशाला उकळतीस, आमची पोरं अशीच वाढली. मी न्हाई ऐकलं. सरकारी कागद हाय म्हनलं. अर्धं पातेलं आटल्याबिगर खाली उतरवत नव्हते." तिने कागद पुढे धरला. "साहेब, मी कमी उकळलं का?"

माझी आई निरक्षर आहे. शिक्का असलेला कागद तिला देवासारखा. मी नोकरीला लागलो तेव्हा म्हणाली होती, आता तुझी सही लोक मानतील.

"नाही ताई," मी म्हणालो. "उकळूनही ते पाणी द्यायला नको होतं. ज्याच्याखाली रेघ मारली होती, ती पाण्यातली वाईट गोष्ट होती. खाली छापलं ते चुकीचं होतं. ती चूक माझी आहे."

तिने कागद पुन्हा वाचला, वरपासून खालपर्यंत. "रेघ बगितली हुती," ती म्हणाली. "पर रेघंचं काय करायचं ते खाली लिहिलं आसंल, आसं वाटलं."

ती आत गेली. चाँदभाईंनी मोटार बंद केली आणि ते पोतं दांडातून ओढू लागले. भिजलेलं पोतं एकट्याला निघेना. मी हात लावला.

त्या दिवशी मी वस्तीवरच्या बाकीच्या विहिरींची सॅम्पल्स घेतली. एकही पास झालं नाही. गावात बैठक घेतली, पंधरा-वीस जण आले. युरिया कमी करा, विभागून द्या, विहिरीजवळ पोतं ठेवू नका, असं सांगितलं. एकाने विचारलं, "उद्यापासनं बंद केलं, तर पानी कधी चांगलं हुईल?" मी खरं ते सांगितलं. जमिनीत उतरलेलं निघायला बरीच वर्षं लागतील. तो उठला, पाठोपाठ बाकीचेही उठले. पुढच्या हंगामात मी त्या रस्त्याने गेलो. बहुतेक दांडांत पोती होती. चाँदभाईंच्या नव्हतं. त्यांचा ऊस फिका दिसत होता आणि शेजारी त्यावरून त्यांची चेष्टा करत होते.

शिक्का बदलण्यासाठी मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. आता नाइट्रेट जास्त असलं की मी शिक्का मारत नाही, हाताने लिहितो : 'हे पाणी बाळाला देऊ नये. उकळून उपयोग नाही.' साहेब ते बघतात आणि रिपोर्ट पुढे पाठवतात. या कामात मी एवढंच शिकलो, की लोक आकडा वाचत नाहीत, काय करायचं ते वाचतात, म्हणून ते बरोबर लिहावं.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातून एका बाईचा फोन आला. माझं हाताने लिहिलेलं तिने वाचलं होतं. बाळ दीड महिन्याचं होतं. "साहेब, हे देऊ नये, कळलं," ती म्हणाली. "मग कोन्तं देऊ?"

मी तिला रिपोर्टचा नंबर विचारला आणि तिच्या गावात कुठलं पाणी पास झालंय ते बघायला रजिस्टर उघडलं.